भैय्या चौकातून चीनच्या डोंगरात



मागच्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात मोठा मजेशीर वाद झाला. एका मुलीची मावशी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे. कंपनीने तिला महिनाभरासाठी आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलंय. कशाला? तर तिथल्या एका सरकारी दवाखान्यात औषधांचा हिशेब कॉम्प्युटरवर कसा ठेवायचा ते शिकवायला. पगार कंपनीचाच चालू, विमानाचं तिकीटही कंपनीनंच काढलं, पण तिथल्या लोकांकडून एक पैसा घ्यायचा नाही. मुलगी हे सगळं मोठ्या ऐटीत सांगत होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, फुकटच काम करायचं तर इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याकडं काय कमी कामं पडलीत?"

सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही बरं का! हाच प्रश्न मोठी माणसंही विचारतात. जरा वेगळ्या शब्दांत विचारतात, एवढंच. "आपलंच घर गळतंय, आणि निघाले शेजाऱ्याचं शाकारायला!" असं म्हणणारे आजोबा तुमच्याही घरात असतील.

अशा योजना आता बऱ्याच ठिकाणी असतात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली स्वयंसेवकांची योजना सुरू केली. तिच्यातून शिक्षक, इंजिनिअर, परिचारिका अशी कितीतरी माणसं परक्या देशांत जाऊन काम करतात. आयबीएम या कॉम्प्युटरच्या कंपनीने २००८ साली आपल्या नोकरांसाठी अशी योजना काढली. निरनिराळ्या देशांतल्या नोकरांची एक तुकडी करायची आणि काही आठवड्यांसाठी तिला एखाद्या गरजू गावी पाठवायची. नोकरी सुटत नाही, पगार थांबत नाही, काम मात्र दुसऱ्याचं.

पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपल्या सोलापूरचा एक तरुण असाच परदेशी गेला होता. सांगा पाहू कोण?

सोलापूरच्या मुलांनी उत्तर केव्हाच दिलं असेल. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस! स्मारक पुष्कळांनी पाहिलंय. सहलीला नेलं की मुलं आत जातात, फोटो पाहतात आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन शेंगाचिक्की खायला लागतात. म्हणून म्हटलं, या वेळी त्यांचीच गोष्ट सांगावी. आणि सांगायची तर त्यातल्या अवघड भागासकट सांगावी.

द्वारकानाथचा जन्म सोलापुरात १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. तेव्हाचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. भोंगा झाला की गाव उठायचं आणि भोंगा झाला की जेवायला बसायचं. वडील शांतारामपंत गिरणीतच नोकरीला होते. घरात भावंडं पुष्कळ. द्वारकानाथ अभ्यासात हुशार, म्हणून मुंबईला शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात गेला आणि डॉक्टर झाला.

तो तरुणपणी कसल्या गावात वाढत होता, तेही ध्यानात घ्या. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रजांविरुद्ध असा काही उठाव केला की इंग्रजांना इथं लष्करी कायदा पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी झाली. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचा होता. परकं सैन्य आपल्या रस्त्यावर बंदुका घेऊन उभं राहिलं म्हणजे काय होतं, हे या गावातल्या मुलांना पुस्तकातून शिकवावं लागलं नाही.

आता जरा चीनकडे वळू या. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. शहरंच्या शहरं बेचिराख होऊ लागली. जखमी हजारोंनी, डॉक्टर मात्र बोटांवर मोजण्याइतके. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिलं, की औषधं आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर पाठवता आले तर पाठवा.

इथं थांबा आणि विचार करा. आपला देश तेव्हा स्वतःच गुलामीत होता. इथंही दवाखाने थोडे, डॉक्टर थोडे, पैसा थोडा. "आपल्याकडं काय कमी कामं पडलीत?" हा प्रश्न तेव्हा आजच्यापेक्षा दसपट खरा होता! तरीही १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला हाक दिली. लोकांकडून वर्गणी गोळा झाली. सुमारे २२ हजार रुपये जमले आणि जखमींना नेणारी एक मोटारही मिळाली. हा पैसा सरकारी तिजोरीतला नव्हता बरं का. लोकांनी दिलेला होता.

का दिला लोकांनी? मला वाटतं, त्यांना चिनी माणसाच्या जागी स्वतःला पाहता आलं. परक्याने येऊन आपलं घर बळकावणं कसं असतं, ते ज्याला ठाऊक आहे त्याला दुसऱ्याचं तेच दुःख समजावून सांगावं लागत नाही.

जायला पाच डॉक्टर तयार झाले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते आधी स्पेनच्या युद्धात जखमींची सेवा करून आले होते. दुसरे आपल्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर. कलकत्त्याचे दोघे, डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि पाचवे आपले कोटणीस. पाचांत दोन मराठी माणसं, पाहा!

कोटणीस तेव्हा पुढच्या परीक्षेच्या तयारीत होते. आता घरचा विचार करा. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेला मुलगा डॉक्टर होतो. आता दवाखाना काढेल, चार पैसे येतील, धाकट्या भावंडांचं काही बघेल, असं कोणत्याही घराला वाटणारच. आणि मुलगा सांगतो, मी लढाई चालू आहे तिथं जातो! तेही चीनला. त्या काळी आपल्याकडच्या माणसाला चीनची माहिती ती केवढी! दारावर रेशमी कापड विकायला येणारा चिनी फेरीवाला पाहिलेला, बस्स. तरी घरच्यांनी जा म्हटलं. आईबाबांनो, हे वाक्य लिहायला सोपं आहे. आपल्या मुलाला दहावीनंतर पुण्याला पाठवतानाही आपला जीव खालीवर होतो.

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' नावाची आगबोट सुटली. सप्टेंबरच्या मध्याला मंडळी कँटनला पोचली. या गावाला आता ग्वांगझू म्हणतात. तिथून हँकोला गेली, तर थोड्याच आठवड्यांत ते शहर जपान्यांच्या हाती पडलं. मग आणखी आत, चुंगकिंगला. वरून विमानातून बाँब पडताहेत आणि खाली हे पाच जण औषधांच्या पेट्या मोजताहेत, असा तो प्रवास.

चुंगकिंगला असतानाच कोटणिसांना घरून बातमी आली. वडील वारले.

वर्गात मी इथवर आले तेव्हा अगदी शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, "मग ते परत आले का?" नाही आले. सोबतच्या डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलं. कुणी नावं ठेवली नसती. पण ते थांबले आणि पुढं उत्तरेला येनानकडे निघाले.

झालं! वर्गाचे दोन तट पडले. अर्धी मुलं म्हणाली, बरोबर केलं, तिथं जखमी माणसं वाट बघत होती. अर्धी म्हणाली, चूक केलं, आईला कोण होतं मग? एक मुलगा तर चिडून उभाच राहिला. म्हणाला, "लोकांची सेवा करायची आणि आपल्या आईला एकटं ठेवायचं, ही कसली सेवा?" त्याला मी खाली बस म्हटलं नाही. थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग पटकन उरकून टाकतो, जसं काही घरच्यांना रडूच आलं नाही. रडू आलंच असणार. परदेशातल्या सेवेची किंमत जाणारा एकटा देत नाही. मागे राहिलेली आई देते, बहिणी देतात, भाऊ देतात. कोटणिसांच्या घरानं ती दिली. फोटोतला हार कोटणिसांच्या गळ्यात आहे, त्यातली चार फुलं त्या घरासाठी काढून ठेवायला हवीत, असं मला वाटतं.

येनान हे कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं. फेब्रुवारी १९३९ मध्ये मंडळी तिथं पोचली. गाव कसलं, पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा! माणसं गुहेत राहायची आणि दवाखानाही गुहेत. बाँब पडला तरी आतल्या माणसाला धक्का लागायला नको म्हणून. चीनमध्ये या पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर. हुआ म्हणजे चीन. कोटणिसांचं नाव झालं 'के दिहुआ'. आजही चीनमध्ये कोटणीस म्हटलं तर कुणाला कळणार नाही. के दिहुआ म्हणा, पटकन ओळखतील.

पुढं मुखर्जी आणि चोळकर प्रकृतीमुळे परत आले. १९४० साली अटल परतले. बसू १९४३ पर्यंत राहिले. यात कमीपणा काही नाही. गेले, जमेल तेवढं केलं आणि आले. कोटणीस मात्र लढाईच्या अगदी तोंडावर, जपानी सैन्याच्या मागच्या बाजूच्या डोंगराळ मुलखात गेले आणि तिथलेच होऊन राहिले.

तिथलेच होऊन राहिले म्हणजे काय, ते नीट सांगते. कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथंच आहे.

पहिली गोष्ट, भाषा. चिनी भाषा शिकायला किती कठीण! आपल्याला बाराखडी आली की वाचता येतं. चिनीला बाराखडीच नाही. प्रत्येक शब्दाचं चित्र वेगळं, तीही हजारोंनी. आणि तोच उच्चार सूर बदलून केला की अर्थ बदलतो. कोटणीस नुसतं 'कुठं दुखतंय' एवढं विचारण्यापुरतं शिकले नाहीत. चिनी मुलांना चिनी भाषेत शस्त्रक्रिया शिकवण्याइतके शिकले. त्यांच्यासाठी चिनीत पुस्तक लिहिलं, दुसरं लिहायला घेतलं होतं. (सोलापूरच्या मुलांनो, तुम्ही घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, गल्लीत दखनी उर्दू असं सहज बोलता. ही केवढी मोठी ठेव आहे हे तुम्हाला ठाऊकच नाही. परगावचे शिक्षक बदली होऊन येतात तेव्हा तोंडात बोट घालतात.)

दुसरी गोष्ट, खाणं. त्या भागात भाताचं नावसुद्धा काढायला नको. तिथं मुख्य धान्य राळं. आपल्या आजीला विचारा राळं म्हणजे काय, तिला माहीत असेल. पूर्वी आपल्याकडेही राळ्याचा भात करायचे. सैनिक जे राळं खायचे तेच डॉक्टर खायचे. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं ते पायी नाहीतर खेचरावर, पुष्कळदा रात्री, कारण दिवसा शत्रू पाहायचा.

आणि दवाखाना? जपान्यांनी चहूकडून नाकेबंदी केलेली. बाहेरून औषध येणं मुश्किल. मग गावचा लोहार हत्यारं घडवून देई, सुतार मोडलेल्या हाडाला बांधायच्या पट्ट्या करी. जखमेवरचा कपडा धुऊन, उकळून पुन्हा वापरायचा. या भागात आधी नॉर्मन बेथून नावाचे कॅनडाचे डॉक्टर काम करत. त्यांनी तर खेचराच्या पाठीवर लादता येईल असा शस्त्रक्रियेचा सगळा सरंजाम बनवला होता. पेट्या उतरवल्या की कुठल्याही पडक्या देवळात शस्त्रक्रिया सुरू! हे बेथून शस्त्रक्रिया करताना बोट कापून, रक्तात विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले. बोट कापण्यानं माणूस मरतो? हो, पेनिसिलिन तेव्हा बाजारात आलेलं नव्हतं. कोटणीस त्यांना भेटायच्या आधीच ते गेले. पण बेथून यांच्या नावाने जो आंतरराष्ट्रीय शांतता दवाखाना काढला, त्याचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांना नेमलं गेलं. एका कॅनडावाल्याचं काम चीनमध्ये एका सोलापूरकरानं पुढं चालवलं!

१९४० सालच्या एका मोठ्या लढाईत कोटणिसांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले, असं सांगतात. ७२ तास म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. परीक्षेच्या आदल्या रात्री अकरापर्यंत जागलो तर आपण दुसऱ्या दिवशी दुपारी डुलक्या घेतो! जखमी शिपाई प्रेमानं त्यांना 'काळी आई' म्हणत. 'काळी' हे टोचून म्हटलेलं नाही हं, चिन्यांच्या मानाने सावळा रंग म्हणून. आणि 'आई' का, ते मी सांगायला नको.

त्याच भागात त्यांची क्वो छिंगलान यांच्याशी ओळख झाली. त्या परिचर्या शिकवत. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देश एकाच नावात!

पण बाळ सुमारे साडेतीन महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉक्टर कोटणीस वारले. वय बत्तीस. त्यांना अपस्माराचे, म्हणजे आपण ज्याला फेफरं किंवा फीट म्हणतो त्याचे, झटके येत होते. उपचारासाठी दुसरीकडे जा म्हणून त्यांना सांगूनही ते हलले नव्हते.

विषय निघालाच आहे तर जरा थांबून सांगते. कुणाला फीट आली तर आपल्याकडे अजूनही चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घालतात. यातलं काहीही करू नका. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टोचणाऱ्या वस्तू बाजूला करा, तोंडात काही घालू नका आणि मोठ्या माणसाला बोलवा. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच दवाखाना गाठायचा. आज बहुतेकांचे झटके रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतात. वर्गात अशी एखादी मुलगी असेल तर तिला चिडवू नका, तिच्याशी खेळा. बरं, पुढं.

त्यांचं थडगं आता चीनच्या शिजियाजुआंग शहरात आहे. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत बेथून आणि कोटणीस दोघंही आहेत. त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळाही त्या शहरात आहे. चीनने १९८२ साली त्यांचं टपाल तिकीट काढलं, भारताने १९९३ साली. त्याच्याही कितीतरी आधी, १९४६ मध्ये, आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनिस की अमर कहानी' हा सिनेमा काढला. स्वतःच कोटणीस झाले आणि छिंगलान झाल्या जयश्री. तुमच्या पणजी-पणजोबांनी तो थेटरात पाहिला असेल. सोलापुरात त्यांच्या जुन्या घराचं स्मारक झालं ते मात्र २०१२ साली. जरा उशीरच झाला म्हणायचा, पण झालं.

यिनहुआ पुढे वैद्यकीच शिकत होता. तोही १९६७ साली ऐन तरुणपणी वारला. छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली त्यांचं निधन झालं.

हे सगळं सांगून झालं तेव्हा वर्गातून आणखी एक प्रश्न आला. मी त्याची वाटच पाहत होते. "बाई, पण चीन तर आपला शत्रू ना?"

१९६२ साली भारत आणि चीनमध्ये युद्ध झालं. २०२० साली गलवान खोऱ्यात आपले वीस जवान शहीद झाले. हे खरं आहे आणि ते मुलांपासून लपवायचं कारण नाही. सरहद्दीचा प्रश्न मोठ्यांनी सोडवायचा आहे आणि तो सोपा नाही. पण १९३८ साली गुहेत कण्हत पडलेला शिपाई १९६२ सालचा नव्हता. आणि त्या भांडणांनंतरही तिकडे के दिहुआ यांच्या थडग्यावर फुलं वाहिली जातात. चीनचे मोठे पुढारी भारतात आले तेव्हा वाट वाकडी करून कोटणिसांच्या घरच्यांना भेटले. २००६ साली अध्यक्ष हू जिंताओ भेटले, २०१३ साली पंतप्रधान ली कछ्यांग भेटले. दोन देशांचं पटत नसलं तरी ज्यावर दोघांनाही नीट बोलता येतं अशा गोष्टी फार थोड्या असतात. त्यातली एक सोलापूरच्या गिरणीतल्या नोकरदाराच्या घरातून निघाली.

आता त्या शेवटच्या बाकावरच्या प्रश्नाचं काय? लांब कशाला जायचं?

माझं प्रामाणिक मत सांगते. महिनाभर कुठंतरी जाऊन यायचं, फोटो काढायचे, मुलांना गोळ्या वाटायच्या आणि परत यायचं, यात जाणाऱ्याचाच फायदा जास्त होतो. त्याला जग दिसतं. वाईट काही नाही त्यात, पण त्याला सेवा म्हणताना जरा अडखळायला हवं. कोटणिसांचं सगळ्यात मोठं काम मला ७२ तासांचं वाटत नाही. त्यांनी जी मुलं शिकवली, ज्यांना चिनीतून पुस्तक करून दिलं, ती मुलं त्यांच्या माघारीही शस्त्रक्रिया करत राहिली. डॉक्टर गेले, पण हात उरले. ती मावशीसुद्धा आफ्रिकेतल्या दवाखान्यात दोन-तीन जणांना हिशेब असा पक्का शिकवून आली, की ती विमानात बसल्यावरही तो चालू राहील, तर तिचं जाणं कामी आलं. नाहीतर कंपनीच्या कॅलेंडरवर एक छान फोटो येईल, एवढंच.

आणि "आपल्याकडं काय कमी कामं पडलीत" असं म्हणणाऱ्यांना माझा एकच उलटा प्रश्न असतो. त्यातलं तुम्ही कोणतं हातात घेतलंय? काही जण खरंच घेतात. आमच्याच वस्तीत एक ताई यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या मुलांना रात्री फुकट शिकवते. ती हा प्रश्न कुणाला विचारत नाही, कारण तिला वेळच नसतो!

चला, आता तुमचं काम. भूगोलाच्या वहीत आशियाचा नकाशा चिकटवा आणि मुंबईपासून ग्वांगझू, तिथून चुंगकिंग (नकाशात छोंगछिंग असं असेल), येनान आणि शिजियाजुआंग अशी लाल पेन्सिलीने वाट काढा. सोलापूरच्या मुलांनी रविवारी घरच्यांना घेऊन भैय्या चौकातल्या स्मारकात जाऊन या, आणि पाच मिनिटांत बाहेर येऊ नका! आजीला राळ्याबद्दल विचारा. आणि आमच्या वर्गात मिटला नाही तो वाद तुमच्याकडेही होऊ द्या. वडील गेल्याची बातमी आली तेव्हा कोटणिसांनी काय करायला हवं होतं? तुम्हाला वाटतं ते दहा ओळींत लिहून पाठवा. बाईंना काय आवडेल असा विचार करून लिहू नका, मला लगेच ओळखू येतं. आईबाबांनी लिहिलं तरी चालेल, त्यांना ओळींचं बंधन नाही. पत्रावर नाव, इयत्ता आणि गाव ठळक अक्षरात लिहा.